वात नेणारा उंदीर

पत्र संपत आलेलं असतं आणि त्यात एक उंदीर येतो. रात्र आहे. छावणीतल्या एखाद्या खणात दिवा विझवायचा राहून गेला आहे. माणसं झोपली आहेत. तेवढ्यात कुठून तरी उंदीर येतो, दिव्यातली वात तोंडात धरतो आणि निघतो. भोवती वैशाखातलं कडकडीत वाळलेलं गवत रचून ठेवलेलं आहे. पत्र सांगणारा माणूस त्या खणात नाही. तरी त्याला तो उंदीर दिसतो, वात दिसते आणि ती कुठं जाऊन पडणार तेही दिसतं.

हे पत्र शिवाजी महाराजांचं आहे. चिपळूणजवळ पावसाळी छावणीला राहिलेल्या पागेच्या जुमलेदारांना, हवालदारांना आणि कारकुनांना ते पाठवलेलं आहे. ६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला, त्याच्या आधीचं. म्हणजे डोक्यावर छत्र धरलं जायचं आहे, पण राज्य चालवण्याची पाव शतकाची सवय हाताला झालेली आहे.

महाराजांचं नेतृत्व म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे प्रतापगड येतो, पन्हाळ्याची ती पावसाळी रात्र येते, आग्रा येतो. ते यायलाच हवं. पण माणसांना हाती धरून काम करवून घेणं म्हणजे काय, हे मला समजून घ्यावंसं वाटतं तेव्हा मी हे पत्र काढून बसते. त्यात लढाई नाही. शत्रू जवळपास नाही. विषय आहेत घोड्यांचा दाणा, गवत, चुली आणि दिवे. शाळेत किंवा भाषणात आपण या पत्राचा एखादा तुकडा ऐकलेला असतो, बहुतेक वेळा रयतेला काडीचाही त्रास देऊ नका एवढाच. सलग वाचलं की त्या तुकड्याचं वजन किती तरी वाढतं, कारण त्याच्या आधी काय येतं आणि नंतर काय येतं यातच पत्राची सगळी करामत आहे.

आधी प्रसंग. कृष्णाजी अनंत सभासदानं राजारामांच्या काळात जिंजीला बखर लिहिली. तीत लष्कराचं वर्षाचं वेळापत्रक दिलं आहे. दसरा झाला की फौज बाहेर पडायची, आठ महिने परमुलखात काढायची आणि पावसाच्या तोंडावर परत येऊन छावणी करायची. पागेची घडीही त्यानं सांगितली आहे : पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार. पागेतला घोडा सरकारचा. बारगीर त्यावर बसतो, त्याला दाणा घालतो, पण धनी तो नव्हे. ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे, कारण जी वस्तू आपली नाही तिची निगा माणसाकडून राखवून घ्यायची, हे कुठल्याही कारभारातलं अवघड काम असतं आणि पत्राच्या मुळाशी तेच आहे.

आणि ठिकाण चिपळूण. वर कुंभार्ली घाट, खाली वाशिष्ठी, समोर येऊन ठेपलेला कोकणचा पाऊस. या भागात पाऊस एकदा बसला की चार महिने त्याचंच राज्य. आजही तिथला शेतकरी वैशाखात लाकूडफाटा आत घेतो, गवताची गंज झाकतो, मीठमिरची भरून ठेवतो. या सगळ्याला मराठीत एक फार घरगुती शब्द आहे, बेगमी. महाराजांच्या पत्रातही तोच शब्द आहे, आणि तो पागेसाठी वापरलेला आहे. घराची बेगमी बायका करतात, तशीच शेकडो घोड्यांची बेगमी इथं राजा करतो आहे.

पत्राची सुरुवातच मला चकित करते. वरिष्ठ माणूस हाताखालच्यांना तंबी देतो तेव्हा सहसा त्यांच्या चुकांपासून सुरुवात होते. इथं सुरुवात हिशेबानं होते, आणि तो हिशेब सांगणाऱ्याच्या बाजूनं फारसा चांगला नाही. लष्कराचा मुक्काम चिपळुणास पडला होता. दाभोळच्या सुभ्यात पावसाळ्यासाठी जो दाणागोटा करून ठेवला होता तो त्या मुक्कामातच बराचसा उडाला. आसपासच्या मुलखालाही लष्कराची आणि गवताची तोशीस लागली, आता तिथं फारसं काही उरलं नाही. घाट चढून वर जावं तर तो वखत राहिला नाही. वैशाखाचे वीस दिवस गेले, पागेला जागेवर बसून राहावं लागलं, पण तसं करणं भागच होतं. मग कारकुनांकडून, गडागडांवर जो गल्ला असेल तो देववून, पागेची जशी जमली तशी सोय केली आहे.

जशी जमली तशी. महाराज स्वतःच्या व्यवस्थेबद्दल हे म्हणतात. कोठारं भरलेली आहेत अशी बतावणी नाही, आणि टंचाई कुणामुळे झाली हेही झाकलेलं नाही : ती आपल्याच लष्कराच्या मुक्कामामुळे झाली. ज्याच्याकडून काटकसर करून घ्यायची आहे त्याला आधी कोठीचा तळ दाखवायचा, ही पत्राची पहिली चाल आहे. यात मोठा विश्वास आहे. पंचवीस माणसांच्या हवालदारालासुद्धा राज्याच्या साठ्याची खरी स्थिती कळली पाहिजे, कळली तर तो समजुतीनं वागेल, असं धरून चालणारा हा माणूस आहे. शिधा तोकडा आहे ही गोष्ट सैन्यापासून लपवण्याकडेच सेनापतींचा कल असतो. लपवलेली टंचाई सैनिकाला कळते ती ताटात, आणि तोवर उशीर झालेला असतो.

यानंतर पत्र भविष्यात शिरतं, आणि इथून पुढं ते वाचताना मला श्वास घ्यायला जागा सापडत नाही. तुम्ही मनाला येईल तसा दाणा मागाल, रातिब मागाल, गवत मागाल. असेल तोवर चैनीत चाराल. संपलं की पडत्या पावसात कुठून मिळणार? मग घोड्यांना उपास पडतील. मग घोडी मरू लागतील. मग ती तुम्हीच मारली असं होईल. मग तुम्ही मुलखाला त्रास देऊ लागाल. एका कडीत दुसरी कडी अशी ही साखळी आहे, आणि मूळ पत्रात तिचे सांधे जोडणारा शब्द पुन्हा पुन्हा येतो : म्हणजे. हे संपलं म्हणजे ते, ते झालं म्हणजे पुढचं. व्याकरणात या शब्दाला काही मान नाही, पण इथं सगळा भार त्यानं उचलला आहे. आज सैल सोडलेली मूठ आणि श्रावणात मेलेला घोडा यांच्यामध्ये जे दोनतीन महिने आहेत, ते या एका शब्दानं मिटवून टाकले आहेत.

माझे धाकटे काका आयुष्यभर धान्याच्या गोदामात गोदामपाल होते. निवृत्तीनंतर त्यांची नजर अधू झाली. एका ज्येष्ठात मी त्यांच्याकडे गेले होते तेव्हा हे पत्र मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. असेल तोवर चाराल, या जागी त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"महाराज स्वतः कोठीत उभे राहिलेले दिसतात गं," ते म्हणाले. "बाहेरच्या माणसाला हे सुचत नाही."

"म्हणजे कसं, काका?"

"माल उतरला की पहिल्या आठवड्यात कुणी मापाकडे बघत नाही. ढीग मोठा दिसतो ना. शेवटच्या आठवड्यात मापाशिवाय कुणी दुसरं बघत नाही, आणि भांडणं होतात ती तेव्हा. कोठीवाल्यानं भांडायचं असतं पहिल्या आठवड्यात. तेव्हा भांडलं तर सगळे म्हणतात, एवढा ढीग आहे आणि हा कंजूष मेला."

काकांनी हे सांगितल्यावर मला पत्रातली एक बाजू नव्यानं दिसली. महाराजांनी पुढं लिहिलं आहे की कारकून ज्या तजविजीनं देत जातील त्याप्रमाणे घेत जा, त्यांच्याशी धुसफूस करू नका, हेच द्या तेच द्या म्हणू नका, कोठारात घुसू नका. छावणीत तलवार बांधलेले शेकडो आणि दाण्याचं माप हातात धरलेला कारकून एखाददुसरा. त्या एकट्याच्या पाठीशी राजा उभा राहतो आहे, आणि तेही भांडण व्हायच्या आधी, ढीग मोठा दिसत असतानाच. शिवाय नुसतं कमी घ्या असं म्हणून ते थांबत नाहीत. रोजच्या रोज थोडं पोटात जावं, उपास पडू नये आणि होता होता घोडी तवानी व्हावीत, असं चित्र ते दाखवतात. टंचाईच्या पत्रात धष्टपुष्ट घोडा! काटकसरीच्या पलीकडे काय आहे ते दिसल्याशिवाय माणूस काटकसर करत नाही, हे जाणून घातलेला तो घोडा आहे.

आता पत्रातलं सर्वात परिचित स्थळ. पागेतला दाणा संपला की लोक गावात जातील. कुणी कुणब्याकडचे दाणे आणेल, कुणी भाकरी, कुणी गवत, कुणी फाटी, कुणी भाजी, कुणी पाला. ही यादी सावकाश वाचावी. ती धान्यापासून सुरू होते आणि झाडाच्या पानाशी संपते. पहिल्या नावाला लूट म्हणता येतं. शेवटच्याला कोण लूट म्हणेल? मूठभर पाला घेतला तर काय झालं, असं घेणाऱ्याला खरंच वाटत असतं. प्रत्येकाच्या हातात थोडंथोडंच आहे, पण देणारं घर एकच आहे. मूळ वाक्यात प्रत्येक वस्तूच्या आधी कुणी, कुणी असा शब्द येतो, त्यामुळे ऐकताना एकामागून एक माणसं त्या घराच्या दारातून बाहेर पडताना दिसतात, आणि शेवटी घर रिकामं होतं.

त्या घरातला कुणबी कसा आहे, हेही महाराज सांगतात. केवळ जीव घेऊन तो घर धरून राहिला आहे. त्याच्याजवळ आणखी काही उरलेलं नाही. असा माणूस निघून गेला तर परत कसा आणणार? १६७६ मध्ये प्रभावळीच्या सुभेदाराला, रामाजी अनंताला, पाठवलेल्या पत्रात याच प्रश्नाची दुसरी बाजू आहे. तिथं ते सांगतात की गावोगाव फिर, ज्याला बैल नाही त्याला बैलासाठी पैसे दे, ज्याला बी नाही त्याला दाणे दे, व्याज घेऊ नको, मुद्दल त्याला झेपेल तसं हळूहळू घे. एक कुणबी जमिनीवर उभा करायला राज्याला काय काय करावं लागतं हे ज्याला माहीत आहे, त्याच्या तोंडून चिपळूणच्या पत्रातलं वाक्य आलेलं आहे. त्याच्या कळवळ्यात हिशेब आहे आणि हिशेबात कळवळा. हे दोन वेगळे करायला मला कधी जमलेलं नाही, आणि करू नयेत असंच वाटतं.

मग येतो मोगल. लोकांना असं वाटेल की मोगल मुलखात आले होते त्यांच्याहून तुम्ही अधिक. पत्रातला सगळ्यांत जिव्हारी लागणारा घाव हाच, आणि तो कसा घातला आहे ते पाहण्यासारखं आहे. मी तुम्हाला मोगलांहून वाईट समजेन असं महाराज म्हणत नाहीत. कुणबी तसं म्हणेल, असं म्हणतात. निवाडा करण्याचा अधिकार त्यांनी भाकरी गेलेल्या माणसाकडे दिला आहे. ज्यांच्या नावानं आणि ज्यांच्यासाठी लढायचं, त्यांच्याच तोंडून उद्या आपलं नाव कसं निघेल, याचा विचार करायला त्यांनी एका साध्या हवालदाराला भाग पाडलं आहे.

एवढं सगळं दाखवून झाल्यावर आज्ञा सुरू होतात. या आज्ञांमधल्या एका शब्दप्रयोगावर मी फार दिवस रेंगाळले आहे. करू नका, खबरदार, असं म्हणण्याच्या जागी पत्रात बहुतेक वेळा येतं : गरज नाही. रयतेला त्रास द्यायची गरज नाही. राहत्या जागेबाहेर पाऊल टाकायची गरज नाही. कुणावर जुलूम करायची, कुणाशी कलागत करायची गरज नाही. कोठारात शिरायची गरज नाही. त्या काळच्या मराठीत मनाई करण्याची ही एक रीत होती असं म्हणून पुढं जाता येईल. आजही रागावलेली आई मुलाला म्हणते, तिकडे जायची काही गरज नाही, आणि मुलाला तो हुकूमच आहे हे कळतं. पण या पत्रात तो शब्द नुसता रिवाजाचा राहत नाही. कारण या सगळ्या गरज नाहींच्या मधोमध एक साधं विधान ठेवलेलं आहे : सरकारी खजिन्यातून तुमच्या वाटण्या तुमच्या पदरात घातलेल्या आहेत. ज्याला दाणा हवा, गवत हवं, भाजी हवी, त्यानं ती विकायला येईल तेव्हा रास्त दामानं घ्यावी किंवा बाजारात जाऊन विकत आणावी.

म्हणजे गरज खरोखरच उरलेली नाही. पगार आधी दिला आहे, मनाई मागून आली आहे. हे विधान काढून टाकलं तर उरलेलं पत्र कितीही कळवळ्याचं असलं तरी पोकळ झालं असतं. उपाशी शिपायाला भाकरी चोरू नको म्हणणारा उपदेशक कुठल्याही काळात सापडतो. इथं बोलणाऱ्याला बोलायचा हक्क आहे, कारण शिपायाच्या पदरी नाणं टाकून मग तो तोंड उघडतो आहे. नेत्याच्या गुणांच्या ज्या लांबलचक याद्या आपण वाचतो त्यांत धैर्य असतं, निर्णयशक्ती असते, वक्तृत्वही असतं. चूक करण्याची गरज आधी संपवायची आणि मग चूक करू नका म्हणायचं, हा क्रम मला त्यांत क्वचित दिसतो. माझ्या मते बाकीचे सगळे गुण त्या क्रमाच्या आधारानं उभे राहतात.

दाण्याचा विषय संपला की पत्र आगीकडे वळतं, आणि इथं त्याची भाषाही बदलते. आतापर्यंत तसवीस, ज्याजती, बदनामी, रातिब असे फारसीतून आलेले दफ्तरी शब्द दाटीवाटीनं येत होते. पुढं काही वर्षांतच महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून दफ्तरातल्या अशा शब्दांना संस्कृत पर्याय शोधायला लावले. या पत्रातली मराठी मात्र त्या काळच्या चालू कारभाराची, सरमिसळ मराठी आहे. आग येते तेव्हा ती दफ्तरी भाषा मागं सरते. आगट्या, चुली, विस्तवाची किणकी, वात, उंदीर. सगळे स्वयंपाकघरातले शब्द. किणकी हा तर तांदळाच्या कणीशी नातं सांगणारा शब्द. ठिणगी म्हटलं की काही तरी उडताना दिसतं. किणकी म्हटलं की निखाऱ्यातून सुटलेला, वाऱ्यानं सरपटत जाणारा इवलासा कण दिसतो. मुलूख सांभाळण्याची आज्ञा कारभाराच्या भाषेत आली आणि विस्तवाचं भय घरच्या भाषेत आलं. मुद्दाम केलं असेल असं मी म्हणणार नाही. जे डोळ्यांपुढे दिसतं ते माणूस ज्या शब्दांत पाहतो त्याच शब्दांत सांगतो.

दृश्य असं. पागेची माणसं खण धरून राहिली आहेत. कुणी शेकोट्या पेटवतील. कुणी भलत्याच जागी चूल मांडतील. कुणी तंबाखू ओढायला विस्तव नेईल. जवळ गवत पडलंय, वारा सुटलाय, याचं भान कुणाला राहणार नाही. यातलं कुणीही दुष्ट नाही, हे बघा. भूक लागलेला, तलफ आलेला माणूस जे करेल तेच हे आहे. गुन्हेगार मनात धरून नियम करणारे पुष्कळ असतात. महाराजांनी इथं एक साधा, थकलेला, थोडा बेफिकीर माणूस मनात धरला आहे, आणि छावण्या जळतात त्या बहुधा अशाच माणसांच्या हातून. एका खणाला आग लागली की सगळे खण जातील. गवताच्या एका गंजीवर ती किणकी पडली की एकेक करून सगळ्या गंजी जातील.

आणि मग एक वाक्य येतं, जे ऐकताना अंगावर काटा येतो. त्यानंतर कुणब्यांच्या गर्दना मारल्या किंवा कारकुनांना हवी तशी ताकीद दिली, तरी खण उभा करायला एक लाकूड मिळणार नाही. गर्दना मारण्याची भाषा आपल्याला टोचते, आणि टोचावी. मी हे वाक्य असं वाचते : आग शिपायाच्या चिलमीतून लागणार, पण ती लागल्यावर राग निघणार तो कुणब्यावर आणि कारकुनावर, हेही महाराजांना आधीच दिसतं आहे. अपघातानंतर वरचा हात खालच्या मानेवर पडतो. त्याहून मोठी गोष्ट अशी की सत्तेची मर्यादा हा सत्ताधीश स्वतः उच्चारतो आहे. शिक्षा करण्याचा पूर्ण अधिकार ज्याच्याकडे आहे तो सांगतो की माझ्या शिक्षेतून लाकडाचा एक तुकडाही निर्माण होणार नाही. शिक्षेनं शिक्षा करणाऱ्याचा राग शमतो, जळालेलं गवत परत येत नाही. म्हणून आधी काळजी घ्यायची. काळजी आणि भय यांतला हा फरक इतक्या रोखठोकपणे सांगणारं दुसरं राजपत्र माझ्या वाचनात नाही.

काळजी घ्यायची कुणी? जुमलेदारांपैकी, हवालदारांपैकी जे खासे असतील त्यांनी स्वतः. पहारेकऱ्याला सांगून ठेवणं पुरेसं नाही. त्यांनी नेहमी फिरत राहायचं, रांधणं चाललेलं असताना बघायचं, शेकोट्या पेटलेल्या असताना बघायचं, रात्री दिवे बघायचे. आणि इथं, या फेरीच्या शेवटी, तो उंदीर येतो. तो इतक्या उशिरा का येतो? माणसांच्या चुका मोजून झाल्या म्हणून. चूल विझवली, चिलीम बाजूला ठेवली, सगळ्यांनी सगळं नीट केलं, तरी एक दिवा उरतो आणि एक उंदीर उरतो. आज्ञा ज्याला कळत नाही असा हा छावणीतला एकटाच जीव. त्याचाही विचार झाला तेव्हाच पागेचा विचार पुरा झाला. दूरदृष्टी म्हणताना आपण क्षितिजाकडे बोट दाखवतो. या पत्रातली दूरदृष्टी जमिनीपासून वीतभर उंचीवर आहे, दिव्याच्या ज्योतीच्या पातळीवर.

लगेच त्यापुढं उपरोधाचा एक बारीक चिमटा आहे. हे नाही सांभाळलंत तर मग काय, घोडी बांधायला नकोत, त्यांना खायला घालायला नको, पागाच बुडाली आणि तुम्ही निसूर झालात. निसूर म्हणजे निश्चिंत, मोकळे. पत्रभर आवाज न चढवलेला माणूस इथं एकदाच असं बोलतो, आणि म्हणूनच ते लागतं. महाराजांना आवाज चढवता येत नव्हता असं नाही. १६७५ च्या जानेवारीत त्यांनी सुभेदार जिवाजी विनायकाला पाठवलेलं पत्र पाहावं. जंजिऱ्याच्या सिद्दीपुढे पद्मदुर्ग उभा राहत होता, आरमाराला रसद पोचायला हवी होती आणि ती पोचली नाही. त्या पत्रातला राग शब्दाशब्दातून फुटतो, शत्रूनं तुला काही दिलं घेतलं काय असा संशयही त्यात आहे. तिथं चूक होऊन गेली होती. चिपळूणच्या पत्रात अजून काहीच घडलेलं नाही, एकही काडी जळलेली नाही, एकही घोडं उपाशी नाही. घडून गेलेल्याचा राग तिकडे, घडू शकणाऱ्याची समजूत इकडे. दोन्ही पत्रं शेजारी ठेवली की एकाच माणसाचे दोन स्वर कळतात, आणि कुठं कुठला लावायचा याची त्याची जाणही.

अखेरीस धाक आहेच. ज्याच्याकडून यात अंतर पडेल, ज्याच्यावर बदनामी येईल, त्याची मराठ्यांमध्ये इज्जत राहणार नाही, मग चाकरी कसली, आणि शिक्षा केल्यावाचून सोडणार नाही. चाकरीच्या आधी इज्जत ठेवली आहे. नोकरी जाण्याआधी नाव जाईल. आणि हा धाक सगळ्यांत शेवटी आहे. हिशेब सांगून झाला, पुढचं दाखवून झालं, पगाराची आठवण देऊन झाली, कारणं सांगून झाली, मग धाक. ज्याला कारणानं पटलं त्याच्यासाठी पत्र आधीच संपलेलं आहे. उरलेल्यांसाठी शेवटच्या दोन ओळी.

या पत्राचा घाट एकदम समजतो तो त्यातल्या एका सूचनेमुळे : सगळ्यांनी हा रोखा तपशिलानं ऐकायचा आहे. वाचायचा नाही, ऐकायचा. एखादा कारकून मधे बसून वाचणार आणि बाकीचे भोवती उभे राहून ऐकणार. म्हणून ती लांबत जाणारी वाक्यं, ते कुणी, कुणी, तो म्हणजे, आणि परतपरत येणारी गरज नाही. कागदावर ही पुनरुक्ती दिसते, कानाला तिचा ठेका लागतो. मोठ्यानं वाचल्याशिवाय हे पत्र कळत नाही असं माझं ठाम मत आहे, आणि ते मत काकांकडे त्या दुपारी वाचताना झालं.

वाचून झाल्यावर काका बराच वेळ गप्प होते. बाहेर आभाळ भरून आलं होतं. काकूंनी वाळत टाकलेल्या कुरडया घाईघाईनं आत आणल्या आणि पाट्या माझ्या हातात दिल्या. मी त्या कोपऱ्यात रचून परत येऊन बसले, तर काकांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला होता, जणू त्यांना आता स्वतःच वाचता येणार होतं.

"ते कारकुनाचं आहे ना," ते म्हणाले, "त्याच्याशी धुसफूस करू नका म्हणून. तेवढं वाच गं पुन्हा."